एका पाटीखाली दोन डॉक्टर

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या एका शेतकरी भावाच्या सुनेला सातवा महिना चालू होता. सदलग्याच्या आसपास राहणाऱ्या आपल्या पुष्कळ कुटुंबांप्रमाणे तेही औषधपाण्यासाठी जवळच्या एका मोठ्या गावातील खाजगी दवाखान्यात जात. दवाखाना थोरल्या डॉक्टरांचा, पण बायकांना तपासण्यासाठी त्यांनी एक तरुण डॉक्टरीणबाई ठेवल्या होत्या. सुनेच्या लघवीत व रक्तात साखर जास्त आढळली ती या बाईंनाच. जेवण कसे घ्यावे, किती दिवसांनी रक्त तपासावे, हे त्यांनी तिला समजावून सांगितले होते. पुढच्या तारखेला सासू-सून दूधगंगेचे पाणी चढलेले असताना वळसा घालून दवाखान्यात पोहोचल्या, तेव्हा परिचारिकेने एवढेच सांगितले, "त्या आता येत नाहीत." का येत नाहीत, कुठे गेल्या, कोण तपासणार, याचे उत्तर नाही. कागद शोधले तर सापडेनात. थोरल्या डॉक्टरांनी पुन्हा सर्व तपासण्या लिहून दिल्या. पैसे पुन्हा गेले आणि आठ दिवसही गेले.

बाळ-बाळंतीण पुढे सुखरूप सुटली. परंतु तो भाऊ मिस्सा संपल्यावर आमच्याकडे येऊन जे बोलला ते आमच्या मनात राहिले. तो म्हणाला, "फादर, भांडण त्यांचं, आणि दंड आम्ही भरला."

ही गोष्ट शेतीच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. आम्हांला वाटते, हिची जागा येथेच आहे. आपल्या भागात सरकारी आरोग्य केंद्रानंतर गरिबाचा आधार म्हणजे असे दहा-पंधरा खाटांचे दवाखाने. ते एका डॉक्टराच्या नावाने उभे राहतात आणि दोन-तीन डॉक्टरांच्या श्रमांवर चालतात. त्या दोघा-तिघांचे एकमेकांशी कसे आहे, यावर आपल्या घरची बाळंतपणे, सर्पदंश आणि म्हाताऱ्यांचे दमे अवलंबून असतात. शिवाय आपली पुष्कळ मुले-मुली आज बेळगाव, कोल्हापूर, मिरजेकडे वैद्यकीचे किंवा परिचर्येचे शिक्षण घेत आहेत. उद्या ती अशाच कुणाच्या तरी दवाखान्यात हाताखाली काम करतील, आणि देवाने यश दिले तर परवा मालकही होतील.

त्या भावाच्या आग्रहाखातर आम्ही थोरल्या डॉक्टरांना भेटलो. ओळख जुनी होती. मनात रागच घेऊन गेलो होतो. परत येताना तो राग निम्मा उरला. डॉक्टरांनी आपली बाजू सांगितली. इमारतीचे कर्ज त्यांच्या नावावर, क्ष-किरण यंत्राचा हप्ता त्यांच्या नावावर, विजेचे बिल, परिचारिकांचे पगार, सरकारी नोंदणी हे सर्व त्यांच्या माथी. कर्नाटकात २००७ च्या खाजगी वैद्यकीय आस्थापना कायद्याप्रमाणे नोंदणी असते ती दवाखान्याची, आणि चौकशी आली की दाराशी सापडतो तो मालक. आणखी एक. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते असा निकाल दिला. तेव्हापासून हाताखालच्या डॉक्टराच्या चुकीबद्दलही दवाखान्याला भरपाई द्यावी लागू शकते. "चूक कोणाचीही असो, नोटीस माझ्या नावाने येते," ते म्हणाले. त्यात खोटे काहीच नव्हते. मग ते हळूच म्हणाले, "लोक आता माझं नाव घेतच नाहीत. बाई आहेत का, म्हणून विचारतात आणि नसल्या तर परत जातात." खरे दुखणे येथे होते, असे आम्हांला वाटले.

बाईंकडेही गेलो. त्यांची बाजू ऐकून उरलेला निम्मा रागही कोणावर काढावा ते समजेना. त्यांना ठराविक पगार, शिवाय दर बाळंतपणामागे वाटा, असे तोंडी ठरले होते. वाटा कशाचा, हे ठरलेच नव्हते. रुग्णाने दिलेल्या एकूण रकमेचा की खर्च वजा जाता उरेल त्याचा? ज्या रुग्णाने निम्मेच पैसे दिले त्याचे काय? सरकारी योजनेतून येणारे पैसे सहा महिन्यांनी आले तर वाटा केव्हा? आपल्या सहकारी संस्थांच्या सभासदांना यशस्विनी योजना ठाऊक आहे. ती २००३ साली सुरू झाली, २०१८ साली थांबली आणि २०२२ साली पुन्हा आली. अशा योजनेत शस्त्रक्रिया आज होते आणि रक्कम मागाहून येते. थोरल्यांच्या हिशेबी न आलेल्या पैशाचा वाटा कसा द्यायचा, आणि बाईंच्या हिशेबी रात्री दोन वाजता उठून केलेल्या कामाची किंमत थांबवायची कशी. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघेही एकमेकांना लबाड समजत होते.

त्यात रात्रपाळीची भर. महिन्यातल्या बहुतेक रात्री बाईंच्या वाट्याला येत. सुरुवातीला "नवीन आहात, अनुभव मिळेल" असे म्हटले गेले, ते तीन वर्षे तसेच चालले. शेवटची ठिणगी मात्र अगदी क्षुल्लक. एका रुग्णासमोर थोरल्यांनी बाईंची चिठ्ठी वाचून, "हे कोणी लिहिलं?" असे विचारले आणि औषध बदलले. दुसऱ्या दिवशी बाई आल्या नाहीत.

वाचकहो, आपण शेतकरी माणसे. दुसऱ्याच्या जमिनीत काम करण्याचे प्रकार आपल्याला कोणी शिकवावे लागत नाहीत. मजुरीने काम करणारा संध्याकाळी पैसे घेतो आणि घरी जातो. पीक बुडाले तरी त्याची मजुरी बुडत नाही, पण पीक जोमदार आले तरी त्याला जास्त मिळत नाही. वाट्याने करणारा बी-खतात भागी धरतो आणि पिकातही. पैऱ्याने करणारा आज तुमच्या रानात येतो, उद्या तुम्ही त्याच्या रानात जायचे असते; तेथे पैसा नाही, शब्द आहे. या तिन्ही रीती चांगल्या आहेत. घोटाळा होतो तो मालकाच्या मनात मजुरी, करणाऱ्याच्या मनात वाटा आणि तोंडी भाषा मात्र पैऱ्याची, "आपण घरचेच आहोत" अशी असते तेव्हा. आमच्या मते दवाखान्यांतील दहा भांडणांपैकी नऊ याच जातीची असतात. थोरले डॉक्टर पगार देत होते म्हणून बाईंना मजूर समजत होते, बाई रात्री जागत होत्या म्हणून स्वतःला वाटेकरी समजत होत्या, आणि दोघेही दिवाळीला एकमेकांच्या घरी फराळाला जाऊन हा विषय टाळत होते.

भाव न ठरवता माल हवाली करणे म्हणजे काय, हे निपाणी भागाला कोणी सांगायला नको. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूचे शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर येऊन बसले, ते तंबाखूच्या भावासाठी. माल व्यापाऱ्याच्या वखारीत गेल्यावर भाव बोलायला शेतकऱ्याच्या हाती काही उरत नाही. तरुण डॉक्टराचे श्रम हाही मालच आहे, आणि तो रोज रात्री वखारीत पडत असतो.

पवित्र शास्त्रातील याकोब व लाबान यांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. वीस वर्षे सासऱ्याची गुरे राखली, मजुरी दहा वेळा बदलली गेली, आणि शेवटी न सांगता निघून जाण्याची पाळी आली. मग पाठलाग, आरोप, आणि अखेर दोघांच्या मध्ये दगडांची रास रचून केलेला करार. तो करार पहिल्या वर्षी झाला असता तर? असो.

मग करावे काय? कागद करावा, हे पहिले. आपल्याकडे कागद म्हटले की विश्वास नाही असे समजतात. आम्ही उलट म्हणतो. पाणीपुरवठा संस्थेत पाण्याच्या पाळ्या वहीत लिहितात, त्या सभासद चोर असतात म्हणून नव्हे, तर मध्यरात्री वीज आली की बांधावर वाद नको म्हणून. डॉक्टरांच्या कागदात वकिली भाषा नसली तरी चालेल. वाटा कोणत्या रकमेचा आणि कोणता खर्च आधी वजा करायचा, बुडीत व उशिरा येणारे पैसे कसे मोजायचे, महिन्यात रात्री किती, रजा किती, पाटीवर नाव कोणाचे व कोणत्या ओळीत, सोडायचे झाल्यास किती दिवस आधी सांगायचे, एवढे साध्या मराठीत वा कन्नडात लिहावे. आणि दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी, रुग्ण नसतील अशा वेळी, वही उघडून हिशेब समोर ठेवावा. वही झाकलेली असली की मन कल्पना करू लागते, आणि मनातला आकडा खऱ्या आकड्यापेक्षा नेहमी मोठा असतो.

एक मात्र त्या कागदात घालू नये, आणि तेच घालण्याची मालकांना फार हौस असते. "येथून गेल्यावर दहा मैलांत दवाखाना घालणार नाही" असे लिहून घेतात. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे कोणालाही त्याचा कायदेशीर धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द ठरतो. धंद्याची पत विकत दिली असेल तर गोष्ट वेगळी. नोकरीची मुदत चालू असताना दुसरीकडे काम करणार नाही, ही अट सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली गोलिकरी खटल्यात योग्य मानली. पण नोकरी सोडून गेल्यानंतरचे बंधन चालणार नाही, असे मत १९८० साली सुपरिंटेंडन्स कंपनीच्या खटल्यात मांडले गेले. भागीदारी असेल तर १९३२ चा भागीदारी कायदा पाहावा लागतो. बाहेर पडलेला भागीदार आपला धंदा घालू शकतो, मात्र जुन्या पेढीचे नाव वापरू शकत नाही, आणि तेथे काळ व जागा यांची वाजवी मर्यादा ठरवून घेता येते. हाताखालच्याने मुदतीआधी सोडल्यास ठराविक रक्कम भरावी, अशी वाजवी अट न्यायालयाने २०२५ साली एका बँकेच्या प्रकरणात मान्य केली आहे. तेव्हा मालकाला संरक्षणच नाही असे नव्हे. पण धमकीचा कागद करून माणूस राहत नाही, आणि मूळ पदवीपत्रे कपाटात कुलूपबंद ठेवणे तर आम्हांला सरळ अन्यायाचे वाटते. गुराच्या दाव्यासारखे ते.

या पैशाच्या गोष्टींपलीकडे मानाचा प्रश्न आहे, आणि तो जास्त अवघड. रुग्णासमोर दुसऱ्या डॉक्टराला खोडून काढू नये, ही वैद्यकीची जुनी शिस्त आहे. औषध बदलायचेच असेल तर आतल्या खोलीत दोन वाक्ये बोलावीत, आणि बाहेर येऊन "आम्ही दोघांनी विचार केला" असे सांगावे. धाकट्यानेही "मोठ्या डॉक्टरांची पद्धत जुनी झाली" असे परिचारिकेजवळ बोलू नये. ते वाक्य संध्याकाळपर्यंत थोरल्यांच्या कानी पोहोचतेच, आणि वाटेत त्याला चार पाने फुटतात.

ज्ञान वाटले तर आपले महत्त्व कमी होईल, अशी भीती पुष्कळ थोरल्यांना असते. त्यांनी जामखेडकडे पाहावे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य. वडाळा येथील मिशन दवाखान्यात काम करून व पुढे परदेशी शिकून येऊन त्यांनी १९७० साली जामखेडच्या दुष्काळी भागात काम उभे केले. त्यांनी आपली विद्या गावोगावच्या बायकांना दिली. त्यांतील अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या ठराविक दिवशी जामखेडला येत, शिकत, आणि गावात जाऊन गरोदर बायका व लहान मुले सांभाळीत. बरोबरीने शेतकऱ्यांची मंडळेही उभी राहिली. १९७९ साली या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाई शिकली म्हणून आरोळ्यांकडचे रुग्ण आटले नाहीत. जेथे निरक्षर बाईला ज्ञान देऊन डॉक्टर लहान झाला नाही, तेथे पदवी घेतलेल्या सहकाऱ्याला एक शस्त्रक्रिया शिकवल्याने तो लहान कसा होईल? मिरजेचे उदाहरण तर आणखी जवळचे. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली उभारलेले रुग्णालय १९२८ साली ते निघून गेल्यानंतरही डॉ. वेल यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या हाती चालत राहिले. एकाच माणसाच्या हातावर उभा असलेला दवाखाना त्या हाताबरोबर बसतो.

येथे आम्ही आमचीही एक गोष्ट सांगून टाकतो. सेमिनरीतून बाहेर पडल्यावर आमची पहिली नेमणूक एका वयस्क धर्मगुरूंच्या हाताखाली झाली. मोटारसायकलची किल्ली ते स्वतःजवळ ठेवीत. आम्हांला वाड्यावस्त्यांवर जायचे असले तर सायकल, नाहीतर पायी. आठ महिने आम्ही मनात जळत होतो, आणि जेवणाच्या टेबलावर फक्त हवापाण्याचे बोलत होतो. एके दिवशी धीर करून विचारले. ते ओशाळून म्हणाले, "अरे, ब्रेक धरत नाही. दुरुस्तीला पैसे नाहीत, आणि हे तुला सांगायची लाज वाटली. तुला काही झालं असतं तर तुझ्या आईला काय सांगू?" आठ महिने! त्यांनी सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही. डॉक्टरांच्या घरी बसलो असताना ती किल्ली आमच्या डोळ्यांपुढे होती.

त्या दोघांचे पुढे काय झाले ते सांगतो. समेटासाठी आम्हांला मध्ये बसवण्याचा त्यांचा विचार होता. आम्ही नाही म्हटले. धर्मगुरूसमोर माणसे चांगले बोलतात, खरे बोलतातच असे नाही. आणि वैद्यकीच्या हिशेबातले आम्हांला काय कळणार. डॉक्टरांच्या पत्नी हिशेब पाहत असल्याने त्याही मध्यस्थ होऊ शकत नव्हत्या. दोघांनाही मान्य असलेले, दुसऱ्या गावचे एक निवृत्त डॉक्टर आले. त्यांनी पहिली अट घातली: मागच्या तीन वर्षांतील प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, जी सर्वांत जास्त लागली, आणि समोरच्याने उत्तर न देता ती आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायची. बाईंनी चिठ्ठीचा प्रसंग सांगितला. थोरल्यांनी तो परत म्हणताना आवाज अडखळला. त्यांनी सांगितली ती गोष्ट बाईंना माहीतच नव्हती. बाई न सांगता गेल्या त्या रात्री एक अवघड बाळंतपण आले, त्यांचे हात आता पूर्वीसारखे स्थिर राहिलेले नाहीत, आणि ते घाबरले होते. एवढ्या वर्षांत त्यांनी हे कोणाजवळ बोलून दाखवले नव्हते.

"झालं गेलं विसरून जा" ही आपल्याकडची नेहमीची माफी. ती त्या डॉक्टरांनी चालू दिली नाही. काय केले त्याचे नाव घ्या, आणि उद्यापासून काय वेगळे करणार ते सांगा, असा त्यांचा आग्रह होता. थोरल्यांनी थकलेल्या वाट्याचा हिशेब पंधरा दिवसांत देण्याचे कबूल केले व दिला. बाईंनी न सांगता गेल्याबद्दल माफी मागितली, आणि ज्या रुग्णांचे कागद हरवले त्यांच्या तपासण्यांचे पैसे दोघांनी मिळून परत केले. आमच्या त्या भावालाही ते मिळाले. रात्री निम्म्या-निम्म्या वाटल्या गेल्या.

वर्षभरापूर्वी बाईंनी आपला स्वतःचा दवाखाना काढायचे ठरवले, सीमेपलीकडच्या गावी. थोरल्यांना वाईट वाटले, पण या वेळी दोन महिने आधी कळले होते. महाराष्ट्रात काम करायचे तर तिकडच्या वैद्यक परिषदेची नोंदणी लागते, त्या कागदांना थोरल्यांनीच शिफारस दिली. कोणत्या गरोदर बाईने कोठे जावे हे प्रत्येकीला विचारून वहीत लिहिले. समेट झाला म्हणजे माणसांनी जन्मभर एकत्रच राहिले पाहिजे असे नाही. दोन भाऊ बांध घालून वेगळे झाले तरी विहीर सामाईक ठेवतात.

आता आपल्यासाठी दोन शब्द. या भांडणांत तेल ओतणारे बरेचदा आपणच असतो. "तुमच्यापेक्षा बाईंचा हात चांगला" असे थोरल्यांच्या तोंडावर सांगणे, किंवा "डॉक्टर, तुम्ही बाहेर वेगळं तपासता का, कमी पैशांत?" असे धाकट्याला विचारणे, हे करू नका. आणि आपले कागद आपल्याजवळ ठेवा. गरोदर बाईचे तायी कार्ड, रक्ताचे अहवाल, जुन्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून दाराच्या मागे खुंटीला लावा. दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णाचे कागद डॉक्टराने तीन वर्षे जपले पाहिजेत, आणि मागितल्यास ७२ तासांत दिले पाहिजेत, असा भारतीय वैद्यक परिषदेचा २००२ सालचा नियम आहे. २०२३ साली नवे नियम निघाले होते. ते त्याच महिन्यात स्थगित झाले, म्हणून हे जुनेच लागू राहिले. मागायला लाजू नका, आणि भांडूनही मागू नका.

ती सून परवा लसीकरणाच्या दिवशी भेटली. पोरगे दोन वर्षांचे होत आले आहे, अंगणात कोंबड्यांमागे धावते. बाळंतपणानंतर तिची साखर उतरली, तरी पुढे मधुमेहाचा धोका राहतो म्हणून वर्षातून एकदा रक्त तपासायला बाईंनी सांगितले आहे. आम्ही विचारले, कोणाकडे तपासतेस? ती म्हणाली, "थोरल्यांकडे. जवळ पडतं. आणि काही वाटलं तर ते स्वतःच बाईंना फोन लावून देतात."